नापास होऊ शकणारी भारचाचणी

आमच्या डिप्लॉयमेंट पाइपलाइनमध्ये, म्हणजे नवा कोड आपोआप तपासून प्रॉडक्शनवर (खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर) चढवणाऱ्या साखळीत, भारचाचणीचा (एकाच वेळी खूप विनंत्या पाठवून सर्व्हर टिकतो का ते पाहण्याचा) टप्पा घालून तीन महिने झाले होते आणि त्या तीन महिन्यांत तो एकदाही नापास झाला नव्हता. याचे मला समाधान वाटत असे, हे आज लिहिताना ओशाळल्यासारखे होते. एका दुपारी वेगळ्याच कारणासाठी ती पाइपलाइन चालवणाऱ्या जेन्किन्सचा लॉग चाळत असताना शेजारी बसलेली सहकारी म्हणाली, "अरे, इथे मर्यादा ओलांडल्याचं चक्क लिहिलंय, मग टप्पा हिरवा कसा?" खरोखरच लॉगच्या शेवटी के-सिक्सने, म्हणजे भारचाचणीच्या साधनाने, प्रतिसादवेळेची मर्यादा मोडल्याची नोंद केली होती, तिच्यापुढे फुलीही मारली होती, आणि तरीही पाइपलाइन ते बिल्ड प्रॉडक्शनवर चढवून मोकळी झाली होती.

कारण एका ओळीत होते. चाचणीचा निकाल पडद्यावर दिसावा आणि फाइलमध्येही उतरावा म्हणून आम्ही के-सिक्सचे आउटपुट पाइपमधून 'टी' या कमांडकडे दिले होते. मर्यादा मोडली की के-सिक्स ९९ हा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो निकालाचा आकडा; शून्य म्हणजे यश) देऊन संपते, आणि शून्याखेरीज कोणताही कोड आला की जेन्किन्स तो टप्पा नापास ठरवतो; परंतु शेलमध्ये पाइपने जोडलेल्या कमांडींपैकी शेवटच्या कमांडचाच कोड बाहेर येतो, आणि 'टी' आपले काम चोख करून दर वेळी शून्य देत होती. स्क्रिप्ट बॅशमध्ये चालवून 'पाइपफेल' (जोडलेल्यांपैकी कोणतीही कमांड फसली तरी अपयशाचा कोड बाहेर देणारा) हा पर्याय चालू केला आणि त्याच संध्याकाळी पाइपलाइन पहिल्यांदा लाल झाली. तीन महिन्यांचे आमचे अपयश असे 'टी'ने गिळले होते. तेव्हापासून मी कोणत्याही नव्या चाचणीत पहिले काम करतो ते हे की मर्यादा मुद्दाम १ मिलिसेकंद ठेवून ती नापास होते का, ते पाहतो.

अ‍ॅप्लिकेशन तसे साधे आहे. नाटके, मैफली आणि दिवाळी पहाटेचे कार्यक्रम यांची तिकिटे त्यावर विकली जातात. वर्षातले बरेच दिवस त्यावर फारशी वर्दळ नसते. दिवाळी पहाटेची विक्री मात्र ठरलेल्या दिवशी सकाळी १० वाजता उघडते आणि १० वाजून १ मिनिटाने सगळे रसिक एकाच वेळी दारात उभे असतात. जावामधील सेवा कुबरनेटीसवर (सेवेच्या प्रती, म्हणजे पॉड, तेच चालवते), एडब्ल्यूएस या क्लाउडच्या मुंबई विभागात, आणि मागे आम्हीच सांभाळत असलेला पोस्टग्रेस हा डेटाबेस. मुख्य शाखेत कोड मिसळला की इमेज (चालवायला तयार असा गठ्ठा) तयार होते, टेराफॉर्म हे साधन एक तात्पुरते वातावरण उभे करते, त्यात ती इमेज चढते, सहा मिनिटांची भारचाचणी होते आणि ती उत्तीर्ण झाली तरच पुढचा रस्ता मोकळा होतो. निदान तसे व्हावे अशी अपेक्षा होती.

चाचणीचे साधन बदलल्याबद्दल थोडेसे. पूर्वी आम्ही जेमीटर वापरत असू. १९९८ पासून चालत आलेले हे साधन अजूनही भक्कम आहे. अडचण एवढीच होती की त्याची चाचणी एक्सएमएलच्या लांबलचक फाइलमध्ये साठवली जाते आणि मर्ज रिक्वेस्टमध्ये (कोड मुख्य शाखेत मिसळण्यापूर्वीच्या तपासणीत) ती फाइल वाचून काय बदलले हे सांगणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. के-सिक्सची चाचणी म्हणजे जावास्क्रिप्टची एक फाइल. ती कोडच्या शेजारीच राहते आणि कोडइतक्याच कडकपणे तपासली जाते, एवढ्यासाठी आम्ही बदल केला.

एक्झिट कोडची चूक दुरुस्त झाल्यावर लगेच लक्षात आले की चाचणी ज्या प्रश्नाचे उत्तर देत होती तो प्रश्नच चुकीचा होता. आम्ही ५० आभासी वापरकर्ते घेतले होते. प्रत्येक जण विनंती पाठवी, उत्तर येईपर्यंत थांबे आणि मग पुढची विनंती पाठवी. सर्व्हर पाव सेकंदात उत्तर देत असेल तर ५० जणांकडून सेकंदाला २०० विनंत्या जातात. पण सर्व्हर मंदावून प्रत्येक उत्तराला २ सेकंद लागू लागले तर तेच ५० जण सेकंदाला फक्त २५ विनंत्या पाठवू शकतात. म्हणजे सर्व्हर दमला की चाचणी आपोआप त्याच्यावरचे ओझे कमी करते. बुकिंगच्या खिडकीपुढे रांग लावून, आतला माणूस बाहेर पडल्याखेरीज नव्या माणसाला रांगेत उभेच राहू द्यायचे नाही आणि वर रांग वाढली नाही म्हणून आनंद मानायचा, असा तो प्रकार होता.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ज्याची सिद्धता दिली तो नियम इथे उपयोगी पडतो: यंत्रणेत एका वेळी असलेल्या विनंत्यांची सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीला लागणारा सरासरी वेळ. २०० गुणिले पाव म्हणजे ५०. खऱ्या जगात रसिक येण्याचा दर सर्व्हरच्या तब्येतीवर अवलंबून नसतो, त्यामुळे वेळ २ सेकंदांवर गेली की आत अडकलेल्या विनंत्या ५० वरून ४०० वर जातात, आणि थ्रेड (एकेक विनंती हाताळणारे धागे), मेमरी, डेटाबेसची कनेक्शने हे सारे त्या ४०० च्या वाट्याला येते. आमच्या चाचणीत हा आकडा ५० च्या वर जाणे शक्यच नव्हते. मंद क्षणी विनंत्याच न पाठवल्यामुळे मोजमापातून नेमके वाईट क्षण गळून पडतात. गिल टेने यांनी या दोषाला 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' हे नाव रूढ केले. के-सिक्समध्ये यावर सरळ उपाय आहे. वापरकर्त्यांची संख्या ठरवण्याऐवजी येण्याचा दर ठरवणारा एक्झिक्युटर, म्हणजे भार देण्याची पद्धत, निवडायचा. त्या दराने विनंत्या पाठवण्यास आभासी वापरकर्ते अपुरे पडले तर राहून गेलेल्या फेऱ्या वेगळ्या मोजल्या जातात, आणि आम्ही त्या मोजणीवरही मर्यादा घातली आहे. कारण चाचणीनेच ठरलेला भार दिला नसेल तर तिच्या निकालाला काही अर्थ उरत नाही.

मध्येच एक गमतीचा आठवडा गेला. प्रतिसादवेळ अचानक ४० मिलिसेकंदांवर आली आणि सगळे एकमेकांचे अभिनंदन करू लागले. झाले होते असे की सुरक्षेसाठी नव्याने बसवलेल्या फायरवॉलला एकाच पत्त्यावरून येणारा हा मारा संशयास्पद वाटला आणि ती जवळजवळ प्रत्येक विनंतीला ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', सांगून दारातूनच परत पाठवत होती. नकार द्यायला वेळ लागत नाही. अपयशी विनंत्यांचे प्रमाण १ टक्क्याच्या आत असावे ही अट आम्ही त्यानंतर घातली. ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

आता ज्या चुकीने आम्हाला सर्वांत जास्त रडवले तिच्याकडे येतो. खुर्ची निवडल्यावर सर्व्हर ती खुर्ची त्या रसिकाच्या नावे राखून ठेवतो आणि पेमेंट गेटवेकडे ऑर्डर तयार करायला सांगतो. भारचाचणीत खऱ्या गेटवेवर मारा करणे योग्य नसते, बहुधा करारातही बसत नाही, म्हणून आम्ही त्याच्या जागी एक नकली सेवा ठेवली होती. ती तत्काळ 'ठीक आहे' असे उत्तर देई. चाचणी उत्तम चालली. पहिल्याच मोठ्या विक्रीच्या दिवशी मात्र १० वाजून ३ मिनिटांनी संकेतस्थळ गोठले, आणि चमत्कारिक भाग असा की पॉडचा सीपीयू १५ टक्क्यांच्या आसपास लोळत पडला होता.

झाले होते ते असे. गेटवेने ऑर्डर नाकारली तर खुर्ची आपोआप मोकळी व्हावी म्हणून कोणीतरी, म्हणजे मीच, गेटवेला केलेली विचारणा डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनच्या (सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही, अशा गटाच्या) आत ठेवली होती. म्हणजे गेटवे उत्तर देईपर्यंत डेटाबेसचे एक कनेक्शन अडकून राहणार. आमच्या सेवेत हिकारी हा कनेक्शन पूल (डेटाबेसची तयार कनेक्शने वाटणारा साठा) आहे आणि त्याची मूळ कमाल मर्यादा १० कनेक्शनांची असते. आम्ही ती बदललेली नव्हती. नकली गेटवे असताना प्रत्येक ट्रान्झॅक्शन २० मिलिसेकंदांत संपे, म्हणजे १० कनेक्शनांवर एका पॉडमधून सेकंदाला ५०० ट्रान्झॅक्शने निघू शकत. खरा गेटवे सरासरी दीड सेकंद घेत होता. १० भागिले दीड, म्हणजे सेकंदाला पावणेसातही नाहीत. बाकीचे थ्रेड कनेक्शन मिळण्याची वाट पाहत स्वस्थ उभे, आणि वाट पाहायला सीपीयू लागत नाही. त्यामुळे सीपीयूवर नजर ठेवून पॉड वाढवणाऱ्या ऑटोस्केलरला काही बिघडल्याचा पत्ताच नव्हता.

मग घाईगर्दीत आम्ही हाताने पॉडची संख्या १२ केली, आणि दुखण्यापेक्षा औषध जालीम ठरले. हिकारी मूळ मांडणीत पूल पहिल्यापासून पूर्ण भरून ठेवतो, म्हणून प्रत्येक पॉड १० कनेक्शने मागणार. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनांची, त्यांतील ३ सुपरयूजरसाठी राखीव. नऊ पॉडनी ९० घेतली, दहाव्याला जेमतेम सात मिळाली आणि पुढचे दोन कनेक्शन मिळत नाही असे म्हणत कोसळत राहिले, पुन्हा उठत राहिले आणि पुन्हा दार ठोठावत राहिले. त्या सकाळी तिकिटे विकली गेली, पण रसिकांच्या शिव्या खात.

दुरुस्ती कोडमध्ये सोपी होती. आधी एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये खुर्ची आठ मिनिटांसाठी राखून ठेवायची आणि ते संपवायचे, मग कनेक्शन हातात न धरता गेटवेला विचारायचे, आणि उत्तर आल्यावर दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये नोंद करायची. उत्तर आलेच नाही तर आठ मिनिटांनी खुर्ची आपोआप मोकळी होते. चाचणीतील दुरुस्ती अधिक महत्त्वाची होती. आता नकली गेटवे प्रत्येक उत्तराला प्रॉडक्शनच्या लॉगमधील खऱ्या वेळांपैकी एखादी उचलून तेवढाच विलंब लावतो, आणि त्या लॉगमध्ये चार-चार सेकंदांची उत्तरेही आहेत. बाहेरच्या सेवेची नक्कल करायची तर तिच्या उत्तराबरोबर तिच्या सुस्तीचीही नक्कल करावी लागते. याच धड्यातून खुर्च्यांची निवडही बदलली. आमची स्क्रिप्ट सभागृहातील कोणतीही खुर्ची समान शक्यतेने निवडत असे, तर खरे रसिक तिसऱ्या ते आठव्या रांगेच्या मधल्या खुर्च्यांवर तुटून पडतात आणि बाल्कनीकडे नाइलाज झाल्यावरच वळतात. एकाच खुर्चीच्या नोंदीवरच्या कुलपासाठी (लॉकसाठी) ३० जण भांडत असताना डेटाबेस कसा वागतो, हे समान वाटणीत कधी दिसलेच नव्हते.

इथपर्यंतच्या चुका खोट्या हिरव्याच्या होत्या. त्या सुधारल्यावर खोट्या लालचा काळ सुरू झाला, आणि माझ्या मते तो अधिक घातक होता. कोडमध्ये एका मजकुराचा शब्द बदलला तरी चाचणी नापास, आणि 'पुन्हा चालवा' दाबले की उत्तीर्ण. असे चार वेळा झाले की माणूस लाल रंगाकडे पाहणे सोडतो. दोन महिन्यांत आमच्या चमूत अशी रीतच पडली की भारचाचणी लाल झाली तर आधी चहा घेऊन यायचा आणि मग बटण पुन्हा दाबायचे.

मी एकच इमेज, एका अक्षराचाही बदल न करता, २० वेळा चालवून पाहिली. पी९५, म्हणजे ९५वा शतमक, ज्याच्या आत १०० पैकी ९५ विनंत्यांना उत्तर मिळते ती वेळ, कधी ३१० मिलिसेकंद आली तर कधी ४२०. आमची मर्यादा ३५० होती. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा आम्ही नाणेफेक करत होतो आणि तिला चाचणी म्हणत होतो. या चढउताराची कारणे शोधता शोधता तीन आठवडे गेले. पहिले कारण तात्पुरत्या वातावरणातील डेटाबेसच्या डिस्कमध्ये होते. स्नॅपशॉटपासून (साठवलेल्या प्रतीपासून) बनवलेला ईबीएस व्हॉल्यूम, म्हणजे एडब्ल्यूएसची डिस्क, लगेच वापरायला मिळतो, पण त्यातील प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचला जातो तेव्हाच एस३ या साठवणीतून येतो. तात्पुरते वातावरण दर वेळी नवे, म्हणून पहिल्या वाचनाचा तो दंड आम्ही रोज भरत होतो. आता चाचणीपूर्वी मुख्य तक्ते एकदा पूर्ण वाचून घेतले जातात. दुसरे कारण जावा. नवा पॉड उठल्यावर जेआयटी कंपायलरला (चालता चालता कोड वेगवान करणाऱ्या भागाला) कोडचे गरम, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरले जाणारे, रस्ते ओळखायला थोडा वेळ लागतो, म्हणून पहिली ९० सेकंदे भार द्यायचा पण मोजायचे नाही, असे ठरवले.

तिसरे कारण आमच्या हव्यासात होते: आम्ही पी९९ वरही मर्यादा घातली होती. तिकीट निश्चित करण्याची विनंती चाचणीत सेकंदाला दोनच वेळा जाते, म्हणजे सहा मिनिटांत ७२०. त्यांचा पी९९ ठरवणाऱ्या विनंत्या सात. सात विनंत्यांच्या नशिबावर अख्ख्या बिल्डचे भवितव्य टांगणे योग्य नाही, म्हणून पी९९ पाइपलाइनमधून काढून तो रात्रीच्या लांब चाचणीत नेला. एवढे सगळे केल्यावर २० फेऱ्यांमधील फरक ३२५ ते ३५५ एवढाच उरला आणि मर्यादा ४०० ठेवता आली. शिवाय, जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती त्याच वातावरणात पाठोपाठ चालवून नवी १५ टक्क्यांहून अधिक मंद असेल तरच लाल, असा दुसरा निकषही आला. मला हा निकष पहिल्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण मर्ज रिक्वेस्टच्या वेळी आपल्याला सर्व्हरची अंतिम ताकद मोजायचीच नसते. काल होते त्यापेक्षा आज काही बिघडले का, एवढेच विचारायचे असते. त्यासाठी पाइपलाइनला लागणारा वेळ दुप्पट झाला, यावरून चमूत अजूनही कुरबुर होते.

सहा मिनिटांत जे दिसूच शकत नाही असेही काही असते. पुढच्या हंगामात विक्री उघडल्यावर सगळे सुरळीत चालले आणि साधारण ४० मिनिटांनी, गर्दी ओसरू लागली असताना, काही पॉड एकाएकी मंदावले. मंदावलेले सगळे पॉड त्या सकाळी ऑटोस्केलरने नव्याने उभ्या केलेल्या मशीनवर होते. आम्ही काटकसर म्हणून टी२ मीडियम हा एडब्ल्यूएसचा मशीनप्रकार घेतला होता. या प्रकारात सीपीयूचे क्रेडिट असतात. एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) एक मिनिट पूर्ण ताकदीने. दोन व्हीसीपीयूच्या या मशीनला सुरुवातीला ६० क्रेडिट मिळतात आणि पुढे तासाला २४, म्हणजे मिनिटाला ०.४ ची भर पडते. पूर्ण ताकदीने चालवले तर मिनिटाला २ खर्च, निव्वळ तूट १.६, ६० भागिले १.६ म्हणजे साडेसदतीस मिनिटे. त्यानंतर मशीन प्रत्येक व्हीसीपीयूमागे २० टक्क्यांवर येते. हे सारे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेले आहे. न वाचण्याचा दोष आमचा. भारचाचणीचे मशीन दर वेळी नवे, त्याच्या खिशात ६० क्रेडिट, आणि सहा मिनिटांत ते फार तर १२ खर्च करणार. ती चाचणी शंभर वेळा चालवली असती तरी हे कळले नसते.

यावर आम्ही मशीनचा प्रकार बदलला आणि रात्री २ वाजता चालणारी दोन तासांची वेगळी चाचणी सुरू केली. ती कोणतेही डिप्लॉयमेंट अडवत नाही. सकाळी तिचा आलेख चमूच्या गटात येतो आणि तो वाचण्याची पाळी आठवड्याला बदलते. हळूहळू वाढणारी मेमरी, न मिटलेली कनेक्शने, भरत जाणारी लॉगची डिस्क ही मंडळी तिथेच सापडतात. मर्ज रिक्वेस्टवर ती लादली असती तर आठवड्याभरात कोणीतरी ती बंद करून टाकली असती, आणि मी त्याला दोष देऊ शकलो नसतो.

एक बारीक गोष्ट राहिली. सुरुवातीला भार पाठवणारे यंत्र म्हणजे बिल्ड चालवणारा रनरच होता. चाचणीत कीप-अलाइव्ह (एकच जोडणी पुन्हा पुन्हा वापरणे) बंद केल्यावर त्याचे स्वतःचेच पोर्ट (प्रत्येक जोडणीला लागणारे क्रमांक) संपू लागले. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी मूळ मांडणीत सुमारे २८ हजार पोर्ट ठेवतो आणि मिटलेली जोडणी ६० सेकंद तिच्या पोर्टला अडवून धरते, म्हणजे एकाच ठिकाणी सेकंदाला ४७० च्या पुढे नव्या जोडण्या करता येत नाहीत. सर्व्हरची क्षमता म्हणून आम्ही जो आकडा काही दिवस अभिमानाने सांगत होतो तो रनरच्या पोर्टचा आकडा होता. आता भार पाठवणारी यंत्रे वेगळी आहेत आणि त्यांच्या सीपीयूवर, पोर्टवर तितकीच नजर असते.

गेल्या महिन्यात एका नव्या सहकाऱ्याने सभागृहाच्या नकाशात अपंगांसाठीच्या जागा वेगळ्या रंगात दाखवण्याचे काम केले. कोड नेटका होता, तपासणाऱ्या दोघांनीही, त्यांत मी एक, मान्यता दिली होती. भारचाचणी लाल झाली: नकाशाच्या विनंतीचा पी९५ ३४० वरून ६१० वर. त्याने विचारले, "सर, पुन्हा चालवून पाहू का?" आणि मी काही बोलण्याआधीच शेजारची सहकारी म्हणाली, "नको, क्वेरी मोज." प्रत्येक रांगेसाठी डेटाबेसकडे एक वेगळी क्वेरी (विचारणा) जात होती, २८ रांगांच्या २८. त्या एका जॉइनमध्ये (एकाच एकत्रित क्वेरीत) आणायला त्याला अर्धा तास लागला.